चरबा : अजिंठ्याच्या प्रतींची गोष्ट

'चरबा' हा शब्द फारसी 'चर्ब' म्हणजे स्निग्ध, या शब्दावरून आला. तेलाने पारदर्शक केलेला कागद चित्रावर ठेवून खालची रेषा गिरवून घ्यायची, तो चरबा. आज मनीषनगरातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या ट्रेसिंग पेपरचा हा पूर्वज. लघुचित्रांच्या चित्रशाळांत त्याच्या जोडीला 'खाका' असे : रेषेवर टाचणीने छिद्रे पाडायची, वरून कोळशाची पूड थापायची, की खालच्या कागदावर ठिपक्यांची रेषा उमटते. उर्दूत मात्र 'चरबा' या शब्दाला वाङ्मयचौर्य असाही अर्थ चिकटला. गिरवणारा हा चोर की वारस, असा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. अजिंठ्याच्या प्रतींचा इतिहास या प्रश्नाच्या संदर्भात वाचण्यासारखा आहे.

1819 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस ही लेणी पडली. 1844 पासून रॉबर्ट गिल यांनी तेथील चित्रांच्या प्रती करण्यात आयुष्य घालवले. ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे गिल आणि पारो मराठी वाचकाला परिचित आहेत. गिल यांच्या बहुतेक प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाल्या. पुढे 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह नव्याने प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. 1917-18 मध्ये जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी केलेल्या प्रती 1923 च्या टोकियोतील भूकंपात जळाल्या. मूळ चित्रे नष्ट होतील या भीतीने प्रती केल्या गेल्या. प्रती गेल्या आणि भिंत मात्र राहिली.

या भिंतीलाही प्रतींची किंमत द्यावी लागली. रंग उजळून दिसावेत म्हणून प्रतकारांनी चित्रांवर व्हार्निश चढवले. ते पिवळे पडले आणि त्याने चित्रांचे नुकसान केले. जतनाचा हेतू प्रामाणिक असला तरी स्पर्श निरुपद्रवी असतोच असे नाही.

मग या खटाटोपातून उरले काय? इथे गिरवण्याच्या क्रियेकडे नीट पाहायला हवे. गिलावा खपली धरून निघाला आहे, रंग उडाला आहे, भेग आणि रेषा एकमेकींत मिसळल्या आहेत. अशा ठिकाणी पेन्सिल कोणत्या खुणेवरून फिरवायची, हे कागद सांगत नाही. ही भुवई आहे की तडा, हे प्रतकाराला ठरवावे लागते. म्हणजे वरवर यांत्रिक वाटणारी ही क्रिया मुळात वाचनाची आहे. जुन्या पोथीची प्रत करणाऱ्या लेखनिकापुढेही हाच पेच असे : पुसट अक्षर कोणते समजायचे? त्याच्या निर्णयांतून पाठभेद जन्मतात. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या 'लीळाचरित्रा'मागे अशा प्रतकारांच्या कित्येक पिढ्या उभ्या आहेत.

1909 नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्या सोबत प्रती करायला आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते, वय सत्तावीस. त्या मोहिमेतील प्रतींचे पुस्तक 1915 मध्ये लंडनमध्ये निघाले. परंतु नंदलालांच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट घडली. भिंतीवरच्या रेषेची लय त्यांच्या हातात उतरली आणि पुढे शांतिनिकेतनच्या भिंतींवर ती त्यांची स्वतःची होऊन प्रकट झाली.

आगीत जळतो तो कागद. गिरवताना हाताला लागलेले वळण आगीच्या आवाक्याबाहेर राहते. चोर वस्तू नेतो. वारसाच्या हाती वळण येते. आपल्या वर्गांत 'अनुकरण' हा शब्द दूषण म्हणून उच्चारताना हा भेद ध्यानात ठेवायला हवा.