मागणीची तिसरी अट : बाजार, भाव आणि जात

अर्थशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. पहिल्या काही पानांतच मागणीची व्याख्या सापडते. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छेला खरेदीच्या ऐपतीची जोड हवी. भाव उतरला की मागणी वाढते, भाव चढला की घटते. ही व्याख्या खोटी नाही. पण भारतातल्या बाजाराचा इतिहास तिच्यात मावत नाही, कारण इथे मागणीला आणखी एक अट होती. ती म्हणजे परवानगी. गाठीला पैसा आहे, दुकानात माल आहे, भावही परवडतो. तरीही ती वस्तू अंगावर घालण्याची किंवा घरात वापरण्याची मुभा गावाने द्यावी लागे. ही तिसरी अट पुस्तकातून गायब का, असा आमचा सवाल आहे.

पुरावा हवा असेल तर बाबासाहेबांचा १९३६ चा 'जातिनिर्मूलन' हा निबंध वाचा. इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर तिथल्या सवर्णांनी लादलेल्या अटी त्यात आल्या आहेत. प्रकरण १९२८ च्या सुरुवातीचे आहे. बलाईंनी जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये. बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. शिवाय सांगितलेली कामे करायची आणि मिळेल ते मुकाट घ्यायचे. बलाईंनी नकार दिला तेव्हा गावच्या विहिरी त्यांना बंद झाल्या, गुरांची चराई बंद झाली, वाटा अडवल्या गेल्या.

त्याच निबंधात गुजरातमधल्या झनू गावची हकिगत आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य घरांतल्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी एका अस्पृश्याने यात्रेहून परतल्यावर आपल्याच जातभाईंना तुपाचे जेवण घातले, तर लाठ्या घेऊन जमाव आला आणि पंगत उधळली गेली. दक्षिणेत रामनाड जिल्ह्यात कळ्ळरांनी १९३० च्या डिसेंबरात आदिद्रविडांवर आठ बंद्या घातल्या. सदरा, छत्री, चप्पल, सोन्याचांदीचा दागिना यांना मनाई, आणि घरात भांडी फक्त मातीची.

आता या याद्या अर्थशास्त्राच्या चष्म्यातून पाहा. काठाचे धोतर, धातूची घागर, तूप, छत्री, चप्पल. या सगळ्या नित्य वापराच्या वस्तू आहेत. झनूच्या बायकांकडे भांड्यांचे पैसे होते. चकवाऱ्याच्या माणसाने तुपाचे दाम मोजले होते. म्हणजे भावाचा अडथळा त्यांनी ओलांडला होता, आणि मार त्यानंतर खावा लागला. आमचे लोक मातीची मडकी वापरतात ते त्यांना तेवढेच परवडते म्हणून, असे जे सहज म्हटले जाते त्याला हा इतिहास उत्तर देतो. मडके ही अनेक ठिकाणी सक्ती होती.

मग ऐपतीचे काय? तीही आभाळातून पडत नाही. महार वतनात सरकारी आणि गावकीची कामे करायची, आणि मोबदल्यात तुटपुंजी वतनी जमीन आणि बलुते. बलुते धान्यात मिळे आणि देणाऱ्याच्या मर्जीवर मिळे. ज्याच्या हाती रोकड पडत नाही तो बाजारात गिऱ्हाईक म्हणून उभा राहणार कसा? १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते केवळ मानापमानासाठी आणले नव्हते. तो रोख मजुरीचाही लढा होता. शहरातही तेच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कापड विणायला बंदी, म्हणून पगार कमी. पगार कमी, म्हणून तेच कापड घ्यायला पैसा कमी. मागणी कशी घडवली जाते याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही.

पुरवठ्याची बाजूही तशीच होती. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावायला सुरुवात केली की गावचा दुकानदार त्यांना जीवनावश्यक माल विकणे बंद करतो, हे समितीने १९३० च्या अहवालात नोंदवले. विक्रेता नफ्यासाठी विकतो, असे पुस्तक सांगते. पण गावात दुकान एक, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक जमीनदार. महारवाड्याला मीठ विकून चार आणे मिळणार आणि पाटलाचा राग ओढवणार, तर वाणी कोणता हिशेब करील? म्हणूनच गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत बाबासाहेबांनी बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली, आणि त्यासाठी ब्रह्मदेशच्या १९२२ च्या कायद्याचा नमुना पुढे केला.

विकणारा अस्पृश्य असेल तर? परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईक आटले आणि पेढी बंद करावी लागली. सल्ल्याचा दर्जा तोच होता. बदलली होती फक्त गिऱ्हाइकाला मिळालेली माहिती.

या तिसऱ्या अटीवर घाव घातला तो चळवळीने. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने टाकून द्या. तिथल्या आयाबहिणींनी ते लगेच अमलात आणले. गावाची परवानगी न मागता आपला पेहराव ठरवणे, हे बंड होते.

आज काही मंडळी सांगतात की बाजाराला जात नसते. एक रुपयाची शाम्पूची पुडी कोणालाही मिळते, पाकिटावर छापील किंमत असते, दुकानदार नोट पाहतो, नाव विचारत नाही. यात तथ्य आहे आणि ते आम्ही नाकारत नाही. उत्तर प्रदेशातल्या दलित घरांच्या एका पाहणीत १९९० नंतर शाम्पू, टूथपेस्ट अशा वस्तूंचा वापर खूप वाढल्याचे दिसले, आणि तो बदल खरा आहे. छोटी पुडी आली, भाव आवाक्यात आला, मजुरी रोख मिळू लागली, तेव्हा दबलेली मागणी वर आली.

परंतु यावरून जात संपली असे म्हणणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय. पुडी कोण विकत घेतो हे बदलले. कारखाना, वितरणाची एजन्सी आणि बाजारपेठेतला गाळा कोणाच्या मालकीचा आहे, हे तपासले का? आणि बहिष्कार इतिहासजमा झाला असता, तर २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक व आर्थिक बहिष्काराचा गुन्हा स्पष्टपणे घालावा का लागला असता?

म्हणून आमचे म्हणणे असे. नुसते गिऱ्हाईक होण्यात मुक्ती नाही, विक्रेता आणि उत्पादक म्हणून आपली जागा घेतली पाहिजे. देशातला सर्वांत मोठा खरेदीदार सरकार आहे. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट ठरवले आहे. आपल्या भागातल्या केंद्रीय कार्यालयाने आणि सार्वजनिक उपक्रमाने त्यातली किती खरेदी केली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले की ते वस्तीत जाहीर वाचून दाखवा. आणि गावात कुठे दुकान बंद केले, पिठाची गिरणी बंद केली, तर तो गुन्हा आहे हे ध्यानात ठेवून आधी पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. समेटाची बोलणी त्यानंतर.

जय भीम.