जुन्या छोट्या ट्रॅक्टरसाठी रोटरी मोवरची निवड

अमेरिकेत शहरापासून दूर घर घेतले की त्यासोबत अनेकदा काही एकर मोकळी जमीन येते आणि पहिल्याच उन्हाळ्यात गवताचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी जुन्या बाजारात सहज मिळणारा, दिसायला देखणा आणि दुरुस्तीला सोपा असा छोटा ट्रॅक्टर अनेकांना मोहवतो. त्यांत सर्वाधिक आढळणारा म्हणजे फोर्डचा ८एन. १९४७ ते १९५२ या काळात पाच लाखांहून अधिक ८एन तयार झाले आणि त्यांतील कित्येक आजही कामात आहेत. मात्र त्यांच्या रचनेत आजच्या ट्रॅक्टरात न आढळणाऱ्या काही गोष्टी आहेत. मोवर घेताना त्या ठाऊक नसतील, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

मोवरचे तीन प्रकार

ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या गवतकापणी यंत्रांचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला रोटरी कटर. त्यात जाड पोलादी आवरणाखाली फिरणाऱ्या तबकडीला दोन वजनदार पाती खिळलेली असतात. दगड किंवा बुंधा लागला की ती मागे वळतात. उंच गवत, तण आणि कोवळी झुडपे यांसाठी तो योग्य ठरतो, पण कापणी खडबडीत होते. या प्रकाराला अमेरिकेत सर्रास ‘बुश हॉग’ म्हणतात. मुळात ते एका उत्पादकाचे नाव आहे.

दुसरा फिनिश मोवर. त्याची बहुधा तीन पाती पट्ट्यांवर फिरतात आणि तो स्वतःच्या चार चाकांवर चालतो. घराभोवतीची हिरवळ तो नीटनेटकी कापतो, पण गुडघाभर गवतात किंवा खडकाळ जागी त्याचा निभाव लागत नाही. तिसरा फ्लेल मोवर. त्याच्या आडव्या दांड्यावर अनेक लहान पाती असतात. तो दगड कमी उडवतो, मात्र त्याच रुंदीच्या रोटरी कटरपेक्षा बहुधा अधिक शक्ती मागतो. जुन्या ट्रॅक्टरमालकांचा कल म्हणूनच रोटरी कटरकडे असतो.

रुंदी किती असावी

झाडोरा कापणाऱ्या रोटरी कटरसाठी दर फूट रुंदीला पीटीओवर सुमारे ५ अश्वशक्ती हवी, असा ढोबळ नियम आहे. ८एनच्या पीटीओवर सुमारे २३ अश्वशक्ती मिळते आणि झिजलेल्या इंजिनातून त्याहूनही कमी. म्हणून दाट झाडोऱ्यासाठी ४ फुटी, तर नियमित कापल्या जाणाऱ्या कुरणासाठी ५ फुटी कटर पुरतो. ४ फुटी कटर मागच्या चाकांची पूर्ण रुंदी झाकत नाही, त्यामुळे चाकाखाली दबलेली गवताची पट्टी न कापता राहते. ५ फुटी कटरला बहुतेकांची पसंती असते ती यासाठीच. ६ फुटी कटर मात्र या ट्रॅक्टरला झेपत नाही.

वजनाचाही विचार हवा. ८एनचे वजन सुमारे १,१०० किलो, तर हलक्या बांधणीच्या ५ फुटी कटरचे अडीचशे किलोच्या आसपास असते. तो उचलून चढावर निघाले की पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूची पकड सुटते. त्यामुळे पुढे वजने लावणे हिताचे.

क्लच दाबल्यावर काय होते

निवडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग येथे आहे. ८एन आणि त्याआधीच्या ९एन व २एन या ट्रॅक्टरांमध्ये पीटीओ स्वतंत्र नाही. तो ट्रान्समिशनशी जोडलेला असतो. चालकाने क्लच दाबला की इंजिनाचा संबंध तुटतो, परंतु कटरची जड पाती आपल्या गतीने फिरतच राहतात. ती गती पीटीओमधून उलट ट्रान्समिशनमध्ये शिरते आणि चाकांना ढकलते. क्लच पूर्ण दाबलेला असूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो. समोर कुंपण, ओढा किंवा माणूस असेल, तर परिणाम सांगायला नको.

यावरचा उपाय म्हणजे ओव्हररनिंग कपलर. सायकलचे पायडल थांबवले तरी मागचे चाक फिरत राहते. हा कपलर त्याच तत्त्वावर चालतो. शक्ती ट्रॅक्टरकडून कटरकडे जाते, उलट येत नाही. कटरच्या तुलनेत त्याची किंमत नगण्य असते. या ट्रॅक्टरांना रोटरी कटर जोडताना तो ऐच्छिक मानू नये.

पीटीओच्या दांड्याचे मापही तपासावे. या तिन्ही ट्रॅक्टरांचा मूळ दांडा १ १/८ इंच व्यासाचा असतो, तर आजची अवजारे १ ३/८ इंचांसाठी बनतात. दोन्ही मापे जुळवणारा कपलर मिळतो. त्यामुळे जोडणीची लांबी वाढते, म्हणून मधला शाफ्ट कमी करावा लागू शकतो. कटर वर-खाली केल्यावर कोणत्याही स्थितीत शाफ्ट टोकाला टेकता कामा नये आणि त्याची दोन अंगे एकमेकांतून निसटताही कामा नयेत.

आणखी एक वैशिष्ट्य: या ट्रॅक्टरांचा हायड्रॉलिक पंप पीटीओवरच चालतो. पीटीओ बंद असताना कटर उचलता येत नाही, म्हणजेच उचलताना पाती फिरत असतात. १९५३ च्या एनएए मॉडेलमध्ये पंप इंजिनाला जोडला गेला आणि ही अडचण सुटली. स्वतंत्र पीटीओ मात्र १९५५ पासूनच्या ६६० आणि ८६० यांसारख्या मॉडेलांत आला.

इंटरनॅशनल हार्वेस्टरचा फार्मॉल कब हा दुसरा लोकप्रिय छोटा ट्रॅक्टर. त्याची शक्ती जेमतेम १० अश्वशक्तीच्या आसपास आहे. त्याचा पीटीओ प्रमाणित ५४० फेऱ्यांचा नाही आणि मूळ रचनेत तीनबिंदू जोडणीही नाही. त्याला मागचा कटर शोधण्याऐवजी पोटाखाली बसणारा, खास त्याच्यासाठी बनवलेला मोवर घ्यावा.

जुना कटर घेताना

गिअरबॉक्समधून तेल गळते का, पाती बसवलेला दांडा हलतो का, आवरणाला तडे आहेत का आणि पात्यांचे खिळे झिजले आहेत का, हे पाहावे. आघात सोसण्यासाठी शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लच असतो. तुटलेल्या शिअर बोल्टच्या जागी हाताला येईल तो कठीण बोल्ट बसवला, तर पुढचा आघात थेट गिअरबॉक्स आणि ट्रॅक्टर सोसतो. स्लिप क्लच उघड्यावर राहिल्यास गंजून चिकटतो. प्रत्येक हंगामाआधी तो सैल करून फिरतो याची खात्री करावी. पाती नेहमी जोडीनेच बदलावीत.

सुरक्षितता

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या घेतो. सैल बाही अडकली, तर सोडवायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरील आवरण शाबूत असलेच पाहिजे. ५ फुटी कटरच्या पात्यांच्या टोकाचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक असतो. म्हणून कटरच्या पुढे-मागे साखळ्यांचे पडदे असावेत आणि कापणी चालू असताना आसपास कोणी नसावे. हौसेने मुलांना ट्रॅक्टरवर बसवण्याचा मोह निग्रहाने टाळावा.

अमेरिकेत शेतकामगार चालवतात त्या ट्रॅक्टरांना उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी चौकट सक्तीची झाली ती २५ ऑक्टोबर १९७६ नंतरच्या उत्पादनांसाठी. त्याआधीच्या ८एनवर ती मूळची नसते. ती बसवून घ्यावी, सोबत आसनपट्टाही बांधावा आणि तोवर उतारावरची कापणी टाळावी.

खरेदीच्या यादीत कपलर, शाफ्टचे आवरण आणि चौकट यांची तरतूद आधी करावी. उरलेल्या पैशांत बसेल तो कटर ४ फुटी निघाला, तरी काही बिघडत नाही. गवत दोन फेऱ्या जास्त मारूनही कापता येते.