काळी मोजली, पांढरी राहिली

भिवापूर म्हटलं की लोकांना मिरची आठवते. मला मात्र परवा या तालुक्यातल्या एका गावचा जुना नकाशा आठवला. शेताचा एकेक बांध, नाला, पांदण, तळं, सगळं त्यात आहे. आणि गाव? गावाच्या जागी नुसती एक रिकामी आकृती. आत एकही घर नाही!

जुन्या बोलीत पिकणाऱ्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. १८५४ मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं, त्यानंतर इंग्रजांनी गावोगाव मालगुजार नेमून सारा ठरवला. १८९० नंतरच्या दशकात क्रॅडॉकसाहेबाने नागपूर जिल्ह्याचा बंदोबस्त केला. त्या काळचे हे गावनकाशे मैलाला सोळा इंच या मापाचे. तसं मोजणीचं वेड आपल्याकडे जुनंच. पृथ्वीचा आकार मोजायला निघालेला लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला, त्याचं थडगं तिथेच आहे. पण त्याला शेताशी देणंघेणं नव्हतं. बंदोबस्तवाल्यांना होतं, कारण सारा काळीवर होता. पांढरीत रयतेला घरापुरती जागा फुकट मिळे. मग जिथून दमडी येत नाही तिथे साखळी कशाला ओढायची?

१९५१ मध्ये मालगुजारी गेली. मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणता म्हणता लोक 'मामा तलाव' म्हणू लागले. (किती गोड नाव!) गावठाणही सरकारकडे आलं, घरं ज्याची त्याच्याकडे राहिली. हद्दी मात्र बहुतेक लहान गावांत कुणी आखल्याच नाहीत. शेताला सातबारा, घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो कर आकारणीचा कागद, मालकीचा दाखला नव्हे. दोन एकरवाल्याला पीककर्ज मिळे, पण ज्याच्याकडे फक्त घरच आहे त्या मजुराकडे बँकेत ठेवायला काहीच नसे. गोसीखुर्द धरणात याच तालुक्यातली गावं बुडाली. असं गाव उठवायची वेळ येते तेव्हा शेतांचा नकाशा तयार असतो आणि घरं मोजायला सुरुवात करावी लागते.

पांढरीवर सरकारची नजर पडली ती थेट आकाशातून. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीत ड्रोनचा पहिला प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्राने 'स्वामित्व' योजना जाहीर केली. आधी घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारतात, मग वरून फोटो घेतात, त्यावरून नकाशा आणि मिळकत पत्रिका. ग्रामपंचायतीला यातून कराचा हिशोब मिळतोच, शिवाय रस्ता किती रुंद, मोकळी जागा कुठली, नाली कुठून न्यायची हेही कळतं. कुणाचा ओटा गल्लीत हातभर पुढे सरकलाय तेही!

मला जास्त कुतूहल आहे ते त्या चुन्याच्या रेघेचं. दोन शेजारी समोरासमोर उभे राहून 'हो, इथेच' म्हणतात तेव्हाच ती पडते. फोटोत छप्पर दिसतं, पण त्याखाली तीन भावांच्या तीन चुली आहेत हे दिसत नाही. विधवा वहिनीची खोली कोणती, तेही नाही. त्यासाठी आजही कर्मचाऱ्याला ओसरीवर बसून विचारावंच लागतं.