युरोपच्या सहलीत मार्सेलिस हवे की नको?

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहार विमानतळावरून युरोपला निघणाऱ्या प्रवाशांमध्ये मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील नोकरदार कुटुंबासाठी ही सहल म्हणजे कित्येक वर्षांची बचत असते. अनेकदा सोबत सत्तरीला आलेले आईवडील असतात आणि 'पुन्हा इतक्या लांब येणे होईल की नाही' ही जाणीवही असते. साहजिकच कार्यक्रम आखताना आणखी एक शहर पदरात पाडून घेण्याचा मोह होतो. लंडन, पॅरिस, रोम यांच्याबद्दल कोणी शंका घेत नाही. प्रश्न पडतो तो दुसऱ्या फळीतील शहरांबद्दल. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेलिस हे अशा शहरांपैकी एक.

फ्रेंच उच्चार 'मार्सेय' असा असला, तरी मराठीत हे शहर 'मार्सेलिस' म्हणूनच रुळले आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या उडीमुळे ते नाव घराघरांत पोहोचले. असे असूनही सर्वसाधारण युरोप सहलींच्या कार्यक्रमात ते क्वचितच दिसते. ते आवर्जून घालावे का, हे ठरवण्यासाठी काही मुद्दे विचारात घेणे उपयुक्त ठरेल.

शहरे नव्हे, रात्री मोजाव्यात

कोणतेही शहर वाढवताना पहिला हिशेब वेळेचा करावा. सकाळी सामान आवरून हॉटेल सोडणे, स्थानक गाठणे, गाडीचा प्रवास, नवे हॉटेल शोधणे आणि दुपारनंतर खोली ताब्यात मिळणे, यात निदान अर्धा दिवस खर्ची पडतो. बारा रात्रींत सहा शहरे घेतली, तर पाच वेळा मुक्काम हलवावा लागतो. म्हणजे अडीच दिवस केवळ सामानाच्या दिमतीत जातात. सहलीच्या एकूण खर्चाला रात्रींच्या संख्येने भागले, की एका रात्रीची किंमत कळते. त्या किमतीत हे शहर आपल्याला काय देणार आहे, हा खरा प्रश्न.

मार्सेलिसला हा निकष लावला, तर उत्तर स्पष्ट मिळते. पॅरिसहून अतिवेगवान गाडीने सुमारे सव्वातीन तास लागतात. हा लोहमार्ग २००१ मध्ये पूर्ण झाला. तेव्हापासून एका दिवसात जाऊन येणे शक्य झाले आहे, पण ते पाहणे नव्हे. शहर टेकड्यांवर आणि किनाऱ्यालगत पसरलेले असून त्याची खरी मौज समुद्रावरून कळते. दोन रात्रींपेक्षा कमी वेळ असेल, तर मार्सेलिसचा विचार न केलेला बरा.

आपल्या प्रवासाच्या इतिहासातील स्थान

विमानप्रवास सर्रास होण्यापूर्वी मुंबईहून विलायतेला निघालेल्या असंख्य प्रवाशांना युरोपचे प्रथम दर्शन घडले ते पॅरिस वा लंडनचे नव्हे, तर मार्सेलिसचे. एडन, सुएझ आणि पोर्ट सैद ही बंदरे घेत टपालबोट भूमध्य समुद्रात शिरे. घाईचे प्रवासी मार्सेलिसला उतरत आणि रेल्वेने फ्रान्स ओलांडून कॅले बंदराकडे जात. त्यामुळे जिब्राल्टरचा वळसा घालून इंग्लंडला पोहोचण्यात जाणारे दिवस वाचत. महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले आणि ११ सप्टेंबरला मार्सेलिसला उतरले. आज सहारहून पॅरिसचे थेट विमान नऊदहा तासांत जे अंतर कापते, त्याला तेव्हा तेरा दिवस लागत.

सावरकरांना लंडनमध्ये मार्च १९१० मध्ये अटक झाली. त्यांना हिंदुस्थानात आणणारी 'मोरिया' बोट जुलैत मार्सेलिसच्या बंदरात थांबली. ८ जुलैच्या सकाळी शौचकूपाच्या गवाक्षातून त्यांनी समुद्रात उडी घेतली आणि ते किनाऱ्यावर पोहोचले. परंतु फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. फ्रान्सच्या भूमीवर झालेली ही धरपकड वैध होती का, हा वाद हेगच्या लवाद न्यायालयात गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने प्रक्रियेतील अनियमितता मान्य केली, पण सावरकरांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असे ठरवले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात हा खटला आजही शिकवला जातो.

या घटनेसाठी मार्सेलिसला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथे भव्य स्मारक किंवा संग्रहालय पाहायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. पाहायचे ते बंदर, समुद्र आणि धक्के. इतिहास वाचून गेलेल्याला तेवढे पुरते. न वाचता गेलेल्याला ते कोणत्याही बंदरासारखेच वाटेल.

भारताशी जोडलेली दुसरी जागा शहराच्या दक्षिणेस माझार्ग येथे आहे. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैन्याच्या तुकड्या मार्सेलिसला उतरल्या. माझार्गच्या युद्धस्मशानभूमीत हिंदी सैनिकांच्या समाधी आणि त्यांच्यासाठी उभारलेले स्मारक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे आदरांजली वाहिली. त्याच दौऱ्यात मार्सेलिसमध्ये भारताच्या वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन झाले.

दोन दिवसांत काय पाहावे?

आशिया मायनरमधील फोकाया येथून आलेल्या ग्रीकांनी इसवी सनापूर्वी सुमारे ६०० मध्ये हे शहर वसवले. आयताकृती 'जुने बंदर' हा आजही त्याचा गाभा आहे. सकाळी तेथील धक्क्यावर कोळी ताजी मासळी मांडतात. वेसाव्याच्या कोळणींची सवय असलेल्या अंधेरीकराला हा बाजार आकाराने लहान वाटेल, पण त्यातील घासाघीस ओळखीची वाटेल. जवळच नॉर्मन फॉस्टर यांनी २०१३ मध्ये उभारलेले आरशाचे छत आहे. त्याखाली उभे राहून वर पाहिले, की सारे बंदर उलटे दिसते.

बंदराच्या उत्तरेस 'ल पानिए' ही चढउतारांची जुनी वस्ती आहे. १९४३ च्या आरंभी जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या साहाय्याने बंदरालगतचा भाग रिकामा करवला आणि सुमारे दीड हजार इमारती सुरुंगांनी उडवल्या. वरच्या बाजूची जी वस्ती वाचली, ती आज पाहता येते. तेथील सतराव्या शतकातील गरिबांच्या आश्रयगृहाची दगडी वास्तू अवश्य पाहावी. खाली समुद्रालगत सेंट जॉनचा किल्ला असून एका पुलाने तो भूमध्य संस्कृती संग्रहालयाशी जोडलेला आहे. हे संग्रहालय २०१३ मध्ये, मार्सेलिस युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना, सुरू झाले. मंगळवारी ते बंद असते. किल्ल्याच्या आवारात आणि गच्चीवर फिरण्यास शुल्क नाही.

संध्याकाळ 'नोत्र दाम द ला गार्द' या देवालयासाठी राखावी. सुमारे दीडशे मीटर उंचीच्या चुनखडीच्या टेकडीवर १८६४ मध्ये त्याचा अभिषेक झाला. शिखरावर मेरीची अकरा मीटरहून उंच सोनेरी मूर्ती आहे. अंधेरीत गिल्बर्ट हिलच्या काळ्या कातळावर गावदेवीचे देऊळ आहे, त्याची येथे आठवण होते. देवालयात छतापासून लहानलहान जहाजे टांगलेली दिसतात. वादळातून वाचलेल्या खलाशांनी फेडलेले हे नवस होत. चढ दमवणारा आहे. ज्येष्ठांनी जुन्या बंदरापासून सुटणारी ६० क्रमांकाची बस घ्यावी.

दुसरा दिवस समुद्रासाठी. बंदरातून सुमारे वीस मिनिटांत 'शातो दिफ' हा बेटावरील किल्ला गाठता येतो. सोळाव्या शतकातील हा किल्ला पुढे तुरुंग झाला आणि अलेक्झांडर द्युमा यांच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीमुळे जगप्रसिद्ध झाला. निसर्गप्रेमींनी त्याऐवजी 'कालांक' पाहाव्यात. पांढऱ्या कड्यांमध्ये समुद्र आत शिरून तयार झालेल्या या खाड्यांना २०१२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पायी जाणे कष्टाचे आहे. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वाटा बंद ठेवल्या जातात आणि 'सुजितों' खाडीसाठी २०२२ पासून उन्हाळ्यात आगाऊ नोंदणी लागते. कुटुंबासाठी बोटीची फेरी अधिक सोयीची.

वास्तुकलेत रस असणाऱ्यांनी ल कॉर्ब्युझिए यांची १९५२ मध्ये पूर्ण झालेली निवासी इमारत चुकवू नये. एकाच इमारतीत ३३७ सदनिका, मधल्या मजल्यावर दुकाने आणि गच्चीवर बालवाडी व उथळ तलाव, ही कल्पना तेव्हा नवी होती. उपनगरातील टॉवरमध्ये राहणाऱ्या वाचकांना आपल्या सोसायटीचे पूर्वज भेटल्यासारखे वाटेल. चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलासोबतच २०१६ मध्ये तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

काय खटकू शकेल?

मार्सेलिस हे पॅरिससारखे सजवलेले शहर नाही. ते कामकऱ्यांचे आणि स्थलांतरितांचे बंदर आहे. इटली, आर्मेनिया, अल्जिरिया, कोमोरोस अशा अनेक ठिकाणांहून आलेल्या लोकांनी ते घडवले. भिंतींवरची रंगरंगोटी, कचरा आणि गोंगाट पाहून 'हेच पाहायला इतके पैसे मोजले का?' असे काहींना वाटेल. खिसेकापूंपासून स्थानक, मेट्रो आणि बंदर परिसरात सावध राहावे. अमली पदार्थांच्या टोळ्यांचा हिंसाचार अनेक वर्षे चर्चेत आहे. तो प्रामुख्याने पर्यटक जात नाहीत अशा उत्तरेकडील वस्त्यांत घडतो. हॉटेल स्वस्त मिळते म्हणून दूरच्या भागात न घेता जुन्या बंदराजवळ घ्यावे.

'मिस्त्राल' हा उत्तरेकडून वाहणारा जोरदार वारा दुसरी अडचण. तो सुटला, की आकाश निरभ्र असूनही बोटी रद्द होतात. म्हणूनही एकच दिवस हाती ठेवणे धोक्याचे. सेंट शार्ल स्थानकाबाहेरचा १०४ पायऱ्यांचा जिना प्रेक्षणीय आहे, पण बॅगा घेऊन तो उतरण्यापेक्षा स्थानकातूनच मेट्रो पकडावी.

शाकाहारी आणि मासळीप्रेमी

मासळीप्रेमींसाठी 'बुयाबेस' हा येथील मानाचा पदार्थ. विकल्या न जाणाऱ्या काटेरी माशांपासून कोळ्यांनी बनवलेले हे कालवण आज महागड्या उपाहारगृहांत मिळते आणि अनेक ठिकाणी आधी सांगून ठेवावे लागते. शाकाहाऱ्यांनी 'पानिस' मागवावे. चण्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, गार झाल्यावर काप करून ते तळतात. आपल्या वड्यांचा हा दूरचा आप्तच म्हणावा. भाज्यांचा कुसकुस सर्वत्र मिळतो, परंतु त्याचा रस्सा मांसाच्या पाण्यात केलेला नाही ना, हे विचारून घ्यावे.

व्हिसाचा हिशेब

मुंबईहून मार्सेलिसला थेट विमान नाही. पॅरिस, फ्रँकफर्ट, इस्तंबूल अशा ठिकाणी विमान बदलावे लागते किंवा पॅरिसहून रेल्वेने जावे लागते. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम समान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. समजा, स्वित्झर्लंडमध्ये चार आणि फ्रान्समध्ये तीन रात्री ठरल्या आहेत. मार्सेलिसच्या दोन रात्री वाढवताच फ्रान्सच्या पाच होतात आणि अर्ज स्वित्झर्लंडऐवजी फ्रान्सकडे करावा लागतो. म्हणून शहरांचा निर्णय अर्जाची वेळ घेण्याआधी व्हायला हवा. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो झाले असून निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो.

निर्णय कसा घ्यावा?

युरोपची ही पहिलीच सहल असेल, दहाबारा दिवसांत तीनचार देश पाहायचे असतील आणि बरोबरच्या ज्येष्ठांना चढउतार झेपत नसतील, तर मार्सेलिस निःशंकपणे वगळावे. त्या दोन रात्री पॅरिसला किंवा स्वित्झर्लंडला द्याव्यात. सहल दुसरी असेल किंवा केवळ फ्रान्सची असेल, तर मात्र पॅरिसनंतर मार्सेलिसला दोनतीन रात्री द्याव्यात. तेथून आव्हिन्यों अतिवेगवान गाडीने सुमारे पस्तीस मिनिटांवर आहे आणि एक्स हे देखणे गावही जवळ आहे, त्यामुळे मुक्काम न हलवता प्रोव्हान्सचा प्रांत पाहता येतो. मे महिन्यातील हवा सुखद असते. जुलै-ऑगस्टमधील ऊन आणि गर्दी टाळलेली बरी.

घरातील सर्वांना विचारावे, की या शहरात त्यांना नेमके काय पाहायचे आहे. 'सावरकरांचे बंदर', 'कालांक' किंवा 'कॉर्ब्युझिएची इमारत' असे एक जरी ठाम उत्तर आले, तर तिकीट काढावे. 'वाटेत आहे म्हणून' एवढेच उत्तर आले, तर ते शहर यादीतून काढून आधीच्या मुक्कामाला एक रात्र वाढवून द्यावी. हा निकष मार्सेलिसप्रमाणेच इतर कोणत्याही शहराला लावता येईल.