सेबूचा बाळ येशू



ज्या देशाविषयी आज बोलावयाचे आहे, तो फिलिपाईन्स देश आपल्याला फार दूरचा वाटतो. परंतु वसईच्या एका सुपुत्राचे नाव त्या देशाशी चारशे वर्षांहून अधिक काळ जोडलेले आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. व्यापाराच्या निमित्ताने ते पूर्वेकडील समुद्रात वावरले, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि तेथूनच १५९३ साली धर्मकार्यासाठी जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर त्यांना हौतात्म्य आले. ते मनिलात राहत होते, त्या वेळी त्याच द्वीपसमूहातील सेबू नावाच्या बेटावर बाळ येशूचा सण सुरू होऊन वीस-पंचवीस वर्षे झाली होती. तो सण आजही चालू आहे. त्याचीच हकीकत मी आपल्याला सांगणार आहे.

फिलिपाईन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तेथील लोकसंख्येत दर पाच माणसांमागे सुमारे चार माणसे कॅथलिक आहेत. वर्षाचा असा एकही महिना नसेल की ज्यात कोठे ना कोठे एखाद्या गावाच्या आश्रयदात्या संताचा सण नाही. दारे सताड उघडी असतात, आलेल्या-गेलेल्यास जेवू घातले जाते, आणि दूर शहरात पोटापाण्यासाठी गेलेला माणूस त्या दिवशी गावी परततो. हे वर्णन ऐकताना आपल्याकडील जत्रेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीआधी वर्गातील एका मुलाने मला विचारले होते, "सर, आपले सण आपले आहेत की परक्यांनी आणून दिलेले?" वसईच्या, गोव्याच्या किंवा बेळगावच्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा ऐकावा लागतोच, फरक एवढाच की, या वेळी तो आमच्याच मुलाने विचारला होता. मी त्याला उत्तरादाखल सेबूची गोष्ट सांगितली.

फर्डिनंड मॅगेलन हा जन्माने पोर्तुगीज. तरुणपणी तो पोर्तुगीज आरमारातून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर येऊन गेला होता. पुढे स्पेनच्या राजाची चाकरी पत्करून पाच जहाजांनिशी १५१९ साली तो पश्चिमेच्या मार्गाने निघाला आणि एप्रिल १५२१ मध्ये सेबूच्या बंदरात पोहोचला. त्याच्याबरोबर पिगाफेट्टा नावाचा एक इटालियन गृहस्थ होता. त्याने रोजनिशी ठेवली म्हणून पुढचे सारे आपल्याला समजते. १४ एप्रिल रोजी सेबूचा राजा हुमाबोन याने बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी त्याची राणी आपल्या स्त्रियांसह आली. तिला पवित्र मारियेचे चित्र, क्रूस आणि बाळ येशूची लाकडी मूर्ती दाखविण्यात आली. ती मूर्ती पाहून तिचे अंतःकरण भरून आले. बाप्तिस्मा घेतल्यावर तिचे नाव हुआना ठेवण्यात आले, आणि ती मूर्ती तिने आपल्या जुन्या देवतांच्या जागी ठेवण्यासाठी मागून घेतली. त्या दिवशी सुमारे आठशे लोकांचा बाप्तिस्मा झाला, असे पिगाफेट्टा लिहितो.

येथवरची कथा ऐकावयास गोड आहे. परंतु इतिहास तेथे थांबत नाही. मॅगेलनची आज्ञा न मानणारे एक गाव स्पॅनिश शिपायांनी जाळले. समोरच्या माक्तान बेटावरील नायक लापुलापू शरण येईना, म्हणून मॅगेलन त्याच्यावर चालून गेला आणि २७ एप्रिल रोजी उथळ पाण्यात लढता लढता मारला गेला. पाठोपाठ हुमाबोनशीही बिघडले. त्याने मेजवानीस बोलावून अनेक स्पॅनिश लोकांची कत्तल करविली. उरलेले लोक घाईघाईने जहाजे हाकारून निघून गेले. धर्मगुरू उरला नाही, मिस्सा उरली नाही, शिकविणारा कोणी उरला नाही. बेटावर मागे राहिली ती एक फुटाएवढी लाकडी मूर्ती.

यानंतर चव्वेचाळीस वर्षे गेली.

एप्रिल १५६५ मध्ये लेगास्पी हा स्पॅनिश सेनानी आपला ताफा घेऊन सेबूस आला. लढाई झाली, तोफा डागल्या गेल्या, गावाला आग लागली. दुसऱ्या दिवशी हुआन कामूस नावाचा एक खलाशी घरे धुंडाळीत असता एका घरात त्याला एक पेटी दिसली. तिच्यात बाळ येशूची मूर्ती होती. अंगात झबले, डोक्यावर मखमलीची टोपी. सारे जसेच्या तसे. हातातील गोलावरचा लहानसा क्रूस तेवढा नाहीसा झाला होता, अशी नोंद त्या वेळच्या वृत्तांतात आहे. स्पॅनिश लोकांनी हा ईश्वरी संकेत मानला. त्यांनी मूर्ती मिरवीत नेली, तिच्यासाठी चर्च बांधले आणि दरवर्षी सण करण्याचे ठरविले. नव्या वसाहतीलाही पुढे येशूच्या नावाचेच नाव मिळाले.

आता विचार करण्याची गोष्ट अशी की, मधल्या चव्वेचाळीस वर्षांत ही मूर्ती सांभाळली कोणी? मूर्ती देणारे शत्रू ठरले होते. ती फोडून टाकण्यास किंवा समुद्रात फेकून देण्यास सेबूच्या लोकांना कारण होते आणि संधीही होती. त्यांनी तसे केले नाही. ती एका घरात, पेटीत, वस्त्रानिशी जपून ठेविली. ऑगस्टिनियन संघाच्या बखरकारांनी पुढे नमूद केले आहे की, पाऊस पडेनासा झाला म्हणजे लोक ती मूर्ती समुद्रावर नेऊन तिला स्नान घालीत व पर्जन्याची याचना करीत. धर्मशास्त्राच्या कसोटीला ही भक्ती उतरणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु शेत करपत असता माणूस ज्याच्या पायाशी जातो, त्याला तो परका समजत नाही.

सेबूत आणखी एक लोककथा सांगितली जाते. तीत मॅगेलन नाही, राणी नाही, स्पॅनिश लोकही नाहीत. एका कोळ्याच्या जाळ्यात जळके लाकूड सापडते. तो ते फेकून देतो. ते पुन्हा पुन्हा जाळ्यात येते. अखेर तो ते घरी नेतो, आणि तेच बाळ येशूचे रूप घेते. इतिहासाच्या दृष्टीने ही कथा खरी नव्हे. पण तिचा अर्थ उघड आहे. हा बाळ आम्हाला कोणी दिलेला नाही, आमच्याच समुद्रातून तो आमच्या घरी आला, असे त्या लोकांना म्हणावयाचे आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीची मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली, अशी कथा आपल्याकडेही प्रसिद्धच आहे. दोन किनारे एकमेकांपासून हजारो मैल दूर. परंतु देवाला आपलेसे करण्याची रीत मात्र एकच.

सेबूचा हा सण आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होतो. त्यापूर्वी नऊ दिवस नोव्हेना चालते. सणाचे नाव सिनुलोग. सेबूच्या भाषेत 'सुलोग' म्हणजे पाण्याचा प्रवाह. ढोलाच्या ठेक्यावर दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे, असे हे नृत्य वाहत्या पाण्याच्या चालीवर चालते. या बॅसिलिकेच्या अंगणात मेणबत्त्या विकणाऱ्या स्त्रिया असतात. आपण मेणबत्ती विकत घेतली की ती स्त्री आपले किंवा आपल्या आजारी नातलगाचे नाव घेऊन, हातात मेणबत्ती धरून, बाळ येशूसमोर तीच पावले टाकते. प्रार्थना शब्दांत होते तशी ती पावलांतही होते. भाविक "पिट सेन्योर" असा घोष करतात. प्रभूला हाक मारा, असा त्याचा भाव.

वर्षाच्या इतर ऋतूंतही हीच कथा निरनिराळ्या रूपांत दिसते. मे महिन्यात उन्हाळा सरत येतो. १५ मे रोजी शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिद्रो याच्या सणाला लुकबान गावातील लोक आपली घरे भाताच्या लोंब्यांनी, भाज्यांनी आणि फळांनी मढवितात. तांदळाच्या पिठाची पानाच्या आकाराची रंगीत पातळ पापडी करून तिची झुंबरे टांगतात. तिला किपिंग म्हणतात. सण संपला की ती खातातही. सप्टेंबरात नागा शहरी पेन्याफ्रान्सियाच्या मारियेची मूर्ती नावेतून नदीने परत आणतात. १६ डिसेंबरपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत नऊ दिवस पहाटेच्या अंधारात मिस्सा होते, कारण शेतकऱ्याला उजाडताच कामाला लागावयाचे असते. दारोदारी ताऱ्याच्या आकाराचे आकाशकंदील लागतात. मिस्सेचा विधी बाहेरून आला. पण तांदूळ, नदी आणि पहाट ही त्या भूमीचीच.

सणांची ही निर्मिती अजून थांबलेली नाही. १९८० साली साखरेचे भाव कोसळल्याने बाकोलोद शहरावर संकट आले होते. त्यातच एप्रिलमध्ये एका जहाजाला जलसमाधी मिळून तेथील अनेक कुटुंबे उघडी पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शहराने हसऱ्या मुखवट्यांचा सण सुरू केला. दुःखाने खचलेल्या गावाने धीर धरण्यासाठी योजलेला तो उपाय होता. सिनुलोगची आजची भव्य मिरवणूकही १९८० सालचीच. त्या वर्षी विद्यार्थ्यांच्या एका पथकाला मेणबत्तीवाल्या स्त्रियांची ती जुनी पावले शिकवून रस्त्यावर आणण्यात आले. पुढे तिचा विस्तार झाला. आता स्पर्धा असतात, बक्षिसे असतात, जाहिरातदार आणि प्रवासी असतात. भक्ती कोठे संपते आणि तमाशा कोठे सुरू होतो, हा प्रश्न तेथील विचारी माणसांना पडतो. तो खोटा नाही. आपल्या उत्सवांनाही तो लागू आहे.

या प्रश्नाची परीक्षा २०२१ साली झाली. पहिल्या बाप्तिस्म्याला पाचशे वर्षे पूर्ण होत होती. परंतु साथीच्या रोगामुळे मिरवणूक आणि नृत्यस्पर्धा रद्द कराव्या लागल्या. ढोल वाजले नाहीत, प्रवासी आले नाहीत. तरीही सण बुडाला नाही. सेबूतील कित्येक घरांत बाळ येशूची लहानशी मूर्ती असतेच. लोकांनी घरोघरी तिच्यापुढे मेणबत्ती लावली. पाचशे वर्षांपूर्वी धर्मगुरूवाचून, मिरवणुकीवाचून जो देव एका घरातील पेटीत राहिला होता, तो पुन्हा घरातच राहिला.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले की, सण कोणत्या जहाजातून आला हे इतिहासाच्या पुस्तकात अवश्य वाचावे, त्यातील रक्तपातही लपवू नये. पण तो कोणाचा, हे ठरविताना वाईट दिवसांत तो कोणी जपला, एवढे पाहावे. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "सर, ती पेटी ज्यांच्या घरात सापडली, त्यांचे नाव काय?"

ते नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. खलाशाचे नाव आहे, सेनानीचे आहे, राजाराणीचेही आहे. दर जानेवारीत सेबूच्या अंगणात जी पावले पडतात, ती मला त्या अनाम घराची आठवण करून देतात.