विद्यार्थ्यांची सेवा, शाळेचे यंत्र आणि सरकारी पैसा

गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आपण जमतो, तेव्हा ध्वनिक्षेपकाच्या विजेचे बिल कोण भरते, हा प्रश्न कोणी श्रोता विचारीत नाही. व्याख्यान रंगले की पडले, एवढेच आपण घरी जाताना बोलतो. आज आम्हांस त्या बिलाविषयीच बोलावयाचे आहे. मराठी शाळेत अशा खर्चाला एक जुना शब्द आहे : सादिल. खडू, डस्टर, हजेरीपट, झाडू, टपाल, विजेचे बिल, जे वर्षभर लागते आणि ज्याचे उद्‌घाटन करता येत नाही, ते सारे सादिलात येते. शिक्षणाचा इतिहास लिहिणारे आयोगांविषयी आणि थोर पुरुषांविषयी पुष्कळ लिहितात. सादिलाविषयी कोणी लिहीत नाही. विद्यार्थ्याने समाजाची सेवा करता करता शिकावे, आणि गरिबाच्या मुलाच्या वर्गातही नवे यंत्र यावे, असे दोन मोठे मनोरथ आपण स्वातंत्र्यानंतर धरले. त्यांची जी गत झाली, तिचा उलगडा आम्हांस तरी सादिलाच्या वहीतच झाला.

सरकारी पैसा म्हणजे मुळात कोणाचा पैसा, हे प्रथम रोखठोक विचारले जोतीराव फुल्यांनी. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड बसविण्यात आला होता आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांकडे जावयाचा होता. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिले, त्याचा रोख असा की, पैसा रयतेच्या घामाचा आणि त्याचे शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या मुलांना. या प्रश्नाला आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. सुरगाण्याच्या शाळेतले यंत्र बंद पडते, तेव्हा तो नव्याने उभा राहतो.

पुढचा प्रसंग १९३७ सालचा. प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मुंबईत बाळासाहेब खेर मुख्य झाले. दारूबंदी करावयाची हे तर ठरलेलेच होते. पण अडचण अशी की, प्रांतांना शिक्षणासाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणात दारूवरच्या करातूनच येई. बापाने गुत्त्यावर पैसा टाकावा तेव्हा मुलाची शाळा चालावी, असा तो व्यवहार. गांधीजींना तो लज्जास्पद वाटला. शाळेने आपला खर्च मुलांच्या हस्तोद्योगातून जमेल तितका आपणच काढावा, असे त्यांनी सुचविले, आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास परिषद भरून नई तालीमची योजना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिला आकार दिला. टकळी हे तेव्हाचे वर्गातले यंत्र म्हटले तर वावगे होणार नाही. ते स्वस्त होते, मोडले तर गावच्या सुताराकडून नीट होई, आणि त्याला वीज लागत नसे. योजना पुढे मावळली. सूत विकून शिक्षकाचा पगार निघत नाही हे लवकरच दिसले, आणि पालकांना आपल्या मुलाने कारकून व्हावे असे वाटत होते, विणकर नव्हे. त्यात पालकांचा दोष आम्ही मानीत नाही.

सेवा, श्रम आणि शिक्षण यांची सांगड ज्यांनी खरोखर घालून दाखविली ते कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर मुले शेतात राबली आणि शिकली. घरोघरच्या मूठमूठ धान्यावर वसतिगृहाची चूल पेटे. एकदा तीही पेटेना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. त्यामानाने कमी ऐकलेली गोष्ट १९४८ सालची : भाऊरावांची वक्तव्ये सरकारला रुचली नाहीत आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. स्वराज्याचे पहिलेच वर्ष, तरी हे घडले. लोक मदतीस धावले, ओरड झाली, आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले. मूठमूठ धान्य देणाऱ्याला संस्थाचालकाने सभेत काय बोलावे याची पंचाईत नसते, तिजोरीला असते. तरीही शाळांची संख्या शेकड्यांवर गेली की मूठ पुरत नाही, आणि तिजोरीच्या दारी जावेच लागते. भाऊरावही गेलेच होते.

आता त्या समितीकडे वळू, जिची आठवण महाराष्ट्राने अधिक ठेवावयास हवी होती. महाविद्यालयीन तरुणांनी काही काळ श्रमसेवा करावी, असा विचार पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून चालला होता. १९५८ साली पंडित नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून तो पुढे रेटला. पदवीपूर्वी समाजसेवा आवश्यक करावी काय, असा त्यांचा सवाल होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हे आपले महाडजवळच्या नाते गावचे सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री, आणि समिती नेमली तेव्हा विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष. समितीने स्पष्ट सांगितले : माध्यमिक शाळा संपवून विद्यापीठात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीने करावी, तीत शिस्त, अंगमेहनत, समाजसेवा आणि सामान्य शिक्षण ही चारही असावीत.

कल्पना करावी, नाशिकचा मॅट्रिक झालेला मुलगा हं. प्रा. ठाकरसी कॉलेजात पाऊल टाकण्यापूर्वी वर्षभर पेठ-सुरगाण्याकडे बांध घालीत, शाळा शाकारीत राहिला असता. त्याला जेवण, कपडे, निवारा, औषधपाणी आणि देखरेख करणारा माणूस हे सारे सरकारला पुरवावे लागले असते. हिशेब तिथेच अडला. खर्च झेपणार नाही आणि अंमलबजावणी कठीण, या कारणांस्तव शिफारस स्वीकारली गेली नाही. ज्याने देशाची तिजोरी सहा वर्षे सांभाळली त्याचीच योजना पैशावाचून बाजूस पडावी, हा योगायोग विलक्षण आहे. सक्तीला आमचाही विरोध आहे. पण योजना सक्तीमुळे पडली असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. ती प्रथम खर्चामुळे पडली.

त्यानंतर प्रा. सैयदैन यांनी इतर देशांतील पद्धती पाहून स्वेच्छेचा मार्ग सुचविला, कोठारी आयोगाने सर्व टप्प्यांवर समाजसेवेचा आग्रह धरला, आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव शिक्षणमंत्री असताना राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. पहिल्या वर्षी ४०,००० विद्यार्थी. चौथ्या पंचवार्षिक योजनेत तिच्यासाठी पाच कोटी रुपये ठेवले होते. खर्चाची वाटणी केंद्र आणि राज्य यांत ७ : ५ अशी. वर्षभराच्या अनिवार्य सेवेऐवजी आता वर्षाला १२० तासांची ऐच्छिक सेवा आणि एक शिबिर उरले. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला, त्याच्या पाठोपाठ १९७३ साली योजनेने दुष्काळाविरुद्ध तरुणांची शिबिरे घेतली.

अनुदानाचा आकडा पाहण्यासारखा आहे. कित्येक वर्षे दर स्वयंसेवकामागे नियमित कामासाठी सालीना २५० रुपये आणि सात दिवसांच्या शिबिरासाठी ४५० रुपये असा दर होता. म्हणजे शिबिरात दिवसाला ६४ रुपये. त्यांत दोन वेळचे जेवण, चहा, नाश्ता, प्रवास आणि फावडी-घमेली. ज्यांनी मुलामुलींचे लग्न केले आहे त्यांनी हा हिशेब करून पाहावा. तरीही शिबिरे होतात. गाव ज्वारी-तांदूळ देते, सरपंच भाजी पाठवतात, कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहणारे प्राध्यापक पदरचे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा उभा राहतो आणि मुले सातव्या दिवशी रडत परत येतात. त्या रडण्याची थट्टा करणारे लोक कधी शिबिरात गेलेले नसतात.

यंत्राची कथा याच्या उलट. सेवेला आरंभापासून पैसा कमी. यंत्राला आरंभी भरपूर, नंतर काही नाही. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर खडू-फळा मोहीम निघाली आणि खेडोपाडी साहित्याच्या पेट्या गेल्या. मोडतोड झाली तर भरपाई कोणाच्या पगारातून, या धास्तीने कित्येक पेट्या कपाटात कुलूपबंद राहिल्या, हे त्या काळचे गुरुजी हसत हसत सांगतात. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीत चित्रित केलेले धडे दूरदर्शनवरून घरोघर आणि शाळाशाळांत दिसू लागले. हजारो कार्यक्रम तयार झाले. कॅमेरे होते, कलागृह होते, माणसे होती. केंद्राचा हात आखडल्यावर पगाराला पैसा नव्हता. २०१७ साली ती संस्था बंद झाली. तीनच वर्षांत असा काळ आला की महाराष्ट्रातील असंख्य मुले घरी बसून पडद्यावर शिकत होती.

शाळांतील संगणकांचे तसेच. २००४ च्या अखेरीस केंद्राने माध्यमिक शाळांसाठी संगणक योजना आणली. आपल्या राज्यात ती कंपन्यांकडे पाच वर्षांच्या कराराने दिली गेली. करार संपला की संगणक शाळेचे आणि संगणक शिकविणारा शिक्षक घरी. पाच वर्षांचा संगणक म्हणजे म्हातारा बैल. त्याची निगा राखणाराच गेल्यावर तो किती दिवस उभा राहणार?

नाशिकपुरते एक वेगळे उदाहरण आहे. १९८९ साली येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले; डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. त्यांनी गावोगाव नव्या इमारती बांधल्या नाहीत. असलेल्याच कॉलेजांत अभ्यासकेंद्रे काढली आणि घरी बसून वाचता येईल असे पुस्तक हे मुख्य साधन मानले. ध्वनिफीत, चित्रफीत ही त्याच्या साथीला. साधन जितके साधे तितका त्याचा सादिल कमी, हे धोरण आम्हांस शहाणपणाचे वाटते.

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम निघाला, त्या सुमारास ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याच्या पष्टेपाडा शाळेचे नाव राज्यभर झाले, आणि लोकवर्गणीतून शाळा ‘डिजिटल’ करण्याची लाट आली. ग्रामस्थांनी पडदे, प्रक्षेपक, संगणक घेऊन दिले. कौतुकाची गोष्ट खरीच. पण लोकलफंड भरणाऱ्या रयतेच्या पणतवंडांनी कर भरून पुन्हा वर्गणीही द्यावी, यावर जोतीराव काय म्हणाले असते? शिवाय वर्गणी निघते ती पडद्यासाठी. दर महिन्याच्या वीजबिलासाठी गावात वर्गणी काढून पाहावी! बिल थकते, जोडणी तुटते, आणि पडद्यावर धूळ बसते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ‘असर’च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्क्यांच्या घरी त्या वर्षी स्मार्टफोन होता. २०१८ साली हे प्रमाण ३६.५ टक्के होते. पैसा कोणी घातला? आईबापांनी, कर्ज काढून. आणि ज्या घरी फोन नव्हता, तेथे पालघरच्या पाड्यांवर तरुण स्वयंसेवक ध्वनिक्षेपक घेऊन गेले आणि ‘बोलकी शाळा’ भरवली. मुले झाडाखाली अंतर ठेवून बसली, कर्ण्यातून धडा ऐकू आला, आणि शंका विचारायला समोर एक माणूस होता. सेवा आणि यंत्र यांची गाठ पडली ती अशी, कोणत्याही पंचवार्षिक योजनेच्या पानाबाहेर.

आम्हांस इतके दिवस वाटत आले आहे की ही गाठ मुद्दाम घालावी. शिबिरातली मुले बहुधा गावच्या शाळेतच मुक्कामाला असतात. तिथे बंद पडदा असतो, रुसलेला संगणक असतो, आणि ते दोन्ही चालू करू शकेल असा एखादा विद्यार्थी त्या तुकडीत असतोच. तो सात दिवसांत ते चालूही करतो. पुढच्या महिन्यात ते पुन्हा बंद पडते, गुरुजींचा फोन येतो, आणि मुलगा यायला तयार असतो. मात्र शिबिर संपलेले असते. त्याचे पेठपर्यंतचे जाण्यायेण्याचे एस.टी.चे भाडे कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावे, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना सापडत नाही.