चिमुकले यंत्र, मोठा दावा : स्लीप ॲप्नियाच्या उपचारांचा इतिहास



मोबाइलवर ही जाहिरात तुम्ही पाहिली असेल. अंगठ्याच्या पेराएवढी प्लॅस्टिकची वस्तू, नाकपुड्यांत बसणारी दोन टोके आणि आत एक इवलासा पंखा. नळी नाही, मास्क नाही, वायर नाही. किंमत काही शे रुपये. खाली लिहिलेले असते की घोरणे थांबेल, स्लीप ॲप्निया बरा होईल आणि 'सीपॅप' यंत्राची गरज उरणार नाही. रुग्ण फोन पुढे करून विचारतात, "डॉक्टर, हे घेऊ का? मग ते मोठं यंत्र नको ना?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर 'नको घेऊ' असे दोन शब्दांत देता येईल, पण तेवढ्याने समाधान होत नाही. ते मोठे यंत्र मोठे का झाले, आणि त्याला लहान करण्याचे प्रयत्न कुठे अडले, हा इतिहास कळला की उत्तर आपोआप पटते. म्हणून आज तो थोडक्यात पाहू.

आजाराची ओळख

चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो सतत खातो आणि काम करता करता घोरू लागतो. १९५६ मध्ये बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशाच एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. हे गृहस्थ पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे असूनही झोपी गेले आणि डाव घालवून बसले! डॉक्टरांनी या स्थितीला 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटले. कारण मात्र वजन आणि रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड हेच मानले गेले. झोपलेल्या माणसाच्या घशात काय घडते, हे अजून कोणी नीट पाहिले नव्हते.

ते पाहिले गेले १९६५ मध्ये. फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी अशा रुग्णांचा श्वास झोपेत नोंदवला. श्वास वारंवार थांबत होता. गास्तो यांच्या गटाला दिसले की छाती आणि पोट श्वास घेण्याची धडपड करत असतात, पण हवा आत जात नाही. वाट घशातच बंद झालेली असते.

घसा ही हाडांची नव्हे, मऊ स्नायूंची नळी आहे. जागेपणी स्नायू तिला उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांची वाट मुळातच अरुंद असते, त्यांची ती श्वास आत ओढताना मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घोरण्याचा मोठा आवाज होऊन श्वास सुटतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. रुग्णाला सकाळी यातले काही आठवत नाही. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिलमिनो आणि डिमेंट यांनी 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' हे नाव रूढ केले. आज आपण तासाभरात श्वास किती वेळा थांबतो किंवा मंदावतो हे मोजतो. हा आकडा ५ ते १५ असल्यास आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र. उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित गती, पक्षाघात आणि गाडी चालवताना लागणारी डुलकी यांच्याशी त्याचे नाते आहे.

गळ्याला छिद्र की नाकात हवा?

अडथळा घशात आहे म्हटल्यावर पहिला खात्रीचा उपाय कोणता निघाला? घसा वगळणे. १९६९ मध्ये कूलो यांच्या गटाने अशा रुग्णांत ट्रॅकिओस्टोमीचा, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवण्याचा परिणाम प्रसिद्ध केला. उपाय लागू पडे, पण गळ्यातली ती नळी सांभाळत जगणे कोणाला आवडेल?

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी वेगळा विचार केला. घसा मिटतो, तर त्याला आतून हवेच्या दाबाने उघडे धरावे. व्हॅक्यूम क्लीनरसारख्या ब्लोअरची हवा नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये सोडली. सुरुवातीला हा मास्क दर रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ५ रुग्णांचे निष्कर्ष छापून आले. पाण्याच्या ४.५ ते १० सेंटिमीटर उंचीइतक्या दाबाने घसा रात्रभर उघडा राहिला. हाच तो सीपॅप.

हा दाब किती, ते घरी करून पाहा. उंच ग्लासात पाणी घेऊन स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. फार जोर लागत नाही. पण हाच दाब आठ तास, प्रत्येक श्वासाला, हवा वाहती ठेवून टिकवायचा आहे. यंत्राला मोटर, नळी आणि घट्ट बसणारा मास्क लागतो तो याचसाठी.

रुग्णांची तक्रार खोटी नाही

गेल्या चाळीसेक वर्षांत यंत्र शांत झाले, लहानही झाले. प्रवासात न्यायची यंत्रे आता ३०० ग्रॅमच्या आसपास आहेत. तरीही मास्क नकोसा वाटतो, नाक कोरडे पडते, जोडीदारासमोर संकोच वाटतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सेव्ह' या मोठ्या अभ्यासात हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले अडीच हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांनी यंत्र रात्री सरासरी फक्त ३.३ तास वापरले. दिवसाची झोप आणि मनःस्थिती सुधारली, पण हार्ट अटॅक व पक्षाघात कमी झालेले दिसले नाहीत. २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीला आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे आपली लाखो यंत्रे परत बोलवावी लागली.

म्हणजे मोठे यंत्र काही देवघरात ठेवण्याची वस्तू नाही. लहान पर्याय हवा, ही इच्छा अगदी योग्य आहे. प्रश्न एवढाच की त्या पर्यायाने घसा उघडा राहतो का?

पट्टी, झडप आणि पंखा

नाकावर बाहेरून चिकटवायची पट्टी १९९३ पासून अमेरिकेत मिळू लागली. ती नाकपुड्या रुंद करते. सर्दीत बरे वाटते, काहींचे घोरणेही कमी होते. पण अडथळा नाकाच्या खूप मागे, घशात आहे. पुढचे दार उघडले म्हणून माजघराचे दार उघडत नाही.

दुसरा प्रयत्न जास्त हुशार होता. 'प्रोव्हेंट' नावाच्या, एका रात्रीपुरत्या चिकटवायच्या झडपेला २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. श्वास घेताना झडप सहज उघडे आणि सोडताना बरीचशी मिटे, त्यामुळे उच्छ्वासाचाच दाब घशात साठे. मोटर नाही, बॅटरी नाही. २०११ मध्ये २५० रुग्णांवरील चाचणीत पहिल्या आठवड्यात तासाभरातील श्वासरोधांचा मध्यांक झडप लावल्यावर १३.८ वरून ५ वर आला. खोट्या झडपेने तसा फरक पडला नाही. हा खरा पुरावा होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण २०१३ मध्ये झुरिक आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मध्यम ते तीव्र आजाराच्या, सीपॅपवर स्थिरावलेल्या ६७ रुग्णांत तुलना केली. काहींचे सीपॅप चालू ठेवले, काहींना दोन आठवडे खरी झडप दिली, काहींना खोटी. झडपेच्या दोन्ही गटांत आजार परतला, खरी आणि खोटी यांत फरक दिसला नाही. मुळात झडप दाब देते तो श्वास सोडताना. श्वास ओढताना, म्हणजे घसा मिटण्याच्या नेमक्या वेळी, ती जवळजवळ काहीच करत नाही.

तिसरा टप्पा पंख्याचा. २०१५ मध्ये अमेरिकेत 'एअरिंग' नावाच्या प्रकल्पाने लोकवर्गणीतून १० लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली. नाकात बसणारे, सूक्ष्म पंख्यांचे, ८ तास चालणारे आणि सकाळी टाकून द्यायचे सीपॅप सुमारे ३ डॉलरला देऊ, असे वचन होते. साधारण दोन वर्षांत ते रुग्णांच्या हाती पडायचे होते. पडले नाही, आणि पुढेही वर्षामागून वर्षे गेली. बाजारात मात्र त्याच्यासारख्या दिसणाऱ्या स्वस्त वस्तूंचा सुळसुळाट झाला.

हिशेब करून पाहू

सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून सीपॅपच्या मास्कला छिद्रे असतात. १० सेंटिमीटर दाबाला त्यांतून मिनिटाला ३० लिटर हवा जाते असे धरू. एवढी हवा या दाबाने ढकलायला सुमारे अर्धा वॉट शक्ती लागते. ८ तासांचे ४ वॉट-तास झाले. आजच्या मोबाइलच्या बॅटरीत १९ वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. म्हणजे काहीही वाया न घालवणारा पंखा असला, तरी मोबाइलच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा रोज रात्री लागणार. प्रत्यक्षात छोट्या पंख्यात बरीच ऊर्जा वाया जाते, त्यामुळे गरज कित्येक पटींनी वाढते. श्रवणयंत्रातल्या सर्वात मोठ्या बटण-सेलमध्ये १ वॉट-तासही नसतो. नाकातल्या त्या खेळण्यात ही ऊर्जा कुठे मावणार?

मग "मला गुण आला" असे लोक का लिहितात? कारण या आजारात रुग्ण स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही, तो झोपलेला असतो. घोरण्याचा आवाज कमी झाला म्हणजे श्वास थांबणे कमी झाले असे नाही. ते फक्त मोजूनच कळते.

तुम्ही काय करावे?

असे कोणतेही उपकरण समोर आले की तीन प्रश्न विचारा.

१. श्वास आत घेताना ते घशात किती दाब देते आणि किती तास?
२. ते लावून आणि खोटे उपकरण लावून, दोन्ही प्रकारे झोपेची तपासणी झाली आहे का?
३. तपासलेल्या रुग्णांचा आजार माझ्याइतकाच तीव्र होता का?

उत्तर मिळाले नाही, तर पैसे खिशातच ठेवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा वस्तूच्या भरवशावर चालू सीपॅप बंद करू नका. यंत्र थांबवल्यावर आजार काही रात्रींतच परत येतो. दिवसभर वाहन चालवणाऱ्याला त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागू शकते.

सीपॅप सोसत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मास्कचा आकार बदलणे, ह्युमिडिफायर जोडणे, दाब हळूहळू वाढू देणे यांनी अनेकांची अडचण सुटते. सौम्य व मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारे, दंतवैद्याकडून मापाने बनवलेले साधन उपयोगी पडते. तेही मुठीत मावते, पण त्याची चाचणी झालेली आहे! वजन घटवणे, कुशीवर झोपणे, झोपण्यापूर्वी मद्य टाळणे हे उपाय आहेतच. लठ्ठपणा असलेल्या मध्यम व तीव्र रुग्णांसाठी टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. कोणासाठी काय योग्य, ते तपासणीनंतरच ठरवावे. आणि कोणताही नवा उपाय सुरू केल्यावर झोपेची तपासणी पुन्हा जरूर करून घ्यावी.

उद्या खरोखर नाकात बसणारे, रात्रभर दाब देणारे यंत्र निघाले तर मी आनंदाने लिहून देईन. फक्त त्याच्या खोक्यावर ग्राहकांच्या तारांकित अभिप्रायांऐवजी मोजलेले आकडे असावेत.